नकाराची जागा

पंक्तीत बसलेल्या पाहुण्याने ‘नको, नको’ म्हणत पानावर हात आडवा धरला, तरी आमच्या घरची वाढणारी मंडळी त्या हाताच्या बोटांमधून तुपाची धार सोडल्याशिवाय पुढे सरकत नसत. पाहुण्यासही त्याचा राग येत नसे. त्या ‘नको’चा अर्थ ‘थोडा आग्रह करा’ असा आहे, हे उभयपक्षी ठाऊक असे. परंतु तेच ‘नको’ तापाने फणफणलेल्या मुलाने उशीवर मान फिरवून म्हटले, की आईच्या हातातील पेजेची वाटी जागच्या जागी थांबे. शब्द एकच, सूर मात्र निराळा, आणि सुरागणिक अर्थ निराळा.

बोललेल्या नकारास असे सुराचे पाठबळ असते. लिहिलेल्या नकारास ते नसते. हा साधा भेद वयाच्या पंधराव्या वर्षी माझ्या ध्यानी आला नाही, आणि त्यापायी आमच्या घरात नऊ महिने जे मौन पसरले, त्याची हकीकत सांगावी म्हणून आज लेखणी हाती घेतली आहे. पुढे पस्तीस वर्षे मी मुलांना इंग्रजी शिकविले. व्याकरणाचा नियम मोठा की लिहिणाऱ्याची शैली मोठी, हा वाद वर्गात वारंवार निघे. प्रत्येक वेळी मला ती एक तार आठवे.

आमचे राणीसावरगाव परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यात आहे. रेणुकामातेच्या देवळामुळे पंचक्रोशीत गावाचे नाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, शिक्षण उर्दूत. हैदराबादेस १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात तर उच्च शिक्षणही उर्दूतूनच दिले जाई. आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, त्या काळातील शाळांतून शिकलेले. घरात मराठी, पूजेत संस्कृत आणि कचेरीत उर्दू, अशी त्यांची त्रिस्थळी यात्रा चाले. इंग्रजी मात्र त्यांस येत नव्हते. त्यांचे मुसलमान स्नेही आले म्हणजे चहाचा दुसरा पेला ‘नक्को, नक्को’ म्हणून परतवीत. त्यावर अण्णा हसून म्हणत, “हा शब्द आमचाच. तुमच्या घरी राहायला आला आणि अंगाने भरला.” ते खरेही होते. दखनी बोलीतील ‘नक्को’ हे मराठी ‘नको’चेच रूप. राज्य कोणाचेही असो, नकार देण्यासाठी दखनी बोलीने आमचाच शब्द पसंत केला होता.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. त्याने शिकून गावी परतावे, जमीनजुमला पाहावा, अशी अण्णांची इच्छा. १९६८ च्या चैत्रात त्याने मुंबईस नोकरी धरल्याचे सांगितले, तेव्हा ओसरीवर मोठा खटका उडाला. अण्णा शेवटी म्हणाले, “जायचं तर जा. पण मग परत येऊ नकोस.” दादाने पेटी उचलली. आईने देवापुढची सुपारी त्याच्या हातावर ठेवली आणि दाराशी हलकेच म्हटले, “त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस.” घटकाभरात दोन ‘नकोस’ त्याच्या कानी पडले. पहिल्यातील राग आणि दुसऱ्यातील माया, दोन्ही त्यास नेमकी समजली; कारण दोन्ही आवाज त्याच्या जन्माच्या ओळखीचे होते. म्हणूनच मुंबईहून त्याची पत्रे नियमाने येत राहिली. ती आईच्या नावे असत, परंतु अखेरीस ‘अण्णांना साष्टांग नमस्कार’ ही ओळ कधी चुकली नाही.

आषाढाच्या अखेरीस अण्णांना विषमज्वराने गाठले. “त्याला कळवू नका,” असे त्यांनी प्रथमच बजावून ठेविले होते. तीन आठवड्यांनी, श्रावणात, ताप उतरला. त्या दिवशी सकाळी त्यांनी मला अंथरुणाजवळ बोलाविले.

“दादाला तार कर. आजारी होतो, आता बरा आहे, असं कळव. आणि हेही लिही, यायलाच पाहिजे असं काही नाही. नोकरी नवी आहे, रजेसाठी साहेबापुढं कशाला उभं राहायचं?”

चार महिन्यांत त्यांनी दादाचे नाव प्रथमच उच्चारिले होते. त्या वाक्यात समेट होता, मुलाच्या नोकरीची काळजी होती, आणि ‘यायलाच’ या शब्दातील ‘च’च्या आडोशाला, आला तर किती बरे होईल, ही आशाही होती.

हे सर्व मला इंग्रजीत उतरवावयाचे होते. तार म्हणजे इंग्रजी, अशी तेव्हा आमच्या गावची समजूत. घरात इंग्रजी शिकणारा मी एकटा. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उशाशी घेऊन निजणारा. गंगाखेडच्या तारघरापर्यंत एस. टी.त बसून मी शब्दांची जुळणी केली. ‘पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट’, ‘नाही’ म्हणजे ‘नॉट’, ‘येणे’ म्हणजे ‘कम’. फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘फादर वॉज इल. नाऊ वेल. यू मस्ट नॉट कम.’ तारेला शब्दागणिक पैसे पडत. एकही शब्द वाया गेला नाही याचा मला अभिमान वाटला. शिवाय ‘मस्ट’ या शब्दाला एक दरारा आहे, त्याने वाक्यास वजन येते, असेही मनात होते. परीक्षेबाहेरचे ते माझे पहिले इंग्रजी लेखन, आणि मला वाटले, ही माझी शैली.

दादा आला नाही. त्याची पत्रेही थांबली. अण्णा हिंडू-फिरू लागले तसे संध्याकाळच्या एस. टी.च्या सुमारास ओसरीवर येऊन बसत. यायलाच पाहिजे असे नाही, हे त्यांनी स्वतःच कळविले होते. तेव्हा वाट पाहतो आहे असे कोणाजवळ म्हणण्याची सोय नव्हती. आईने दोन पत्रे घातली. उत्तरादाखल मनिऑर्डर आली. मनिऑर्डरीच्या कुपनावर तेव्हा चार शब्द लिहिण्यापुरती जागा असे. ती कोरी होती.

मार्गशीर्षात एके दिवशी आमच्या इंग्रजीच्या मास्तरांनी वर्गात भाषांतरासाठी वाक्य दिले : ‘उद्या सुट्टी आहे, तुम्ही शाळेत यायलाच पाहिजे असे नाही.’ मी सराईतपणे ‘मस्ट नॉट कम’ लिहून वही पुढे केली. मास्तरांनी त्याखाली तांबडी रेघ ओढली.

“तू तर मुलांना शाळेची दारं बंद केलीस! ‘मस्ट नॉट’ म्हणजे येता कामा नये.”

वर्ग हसला. मी हट्टाने म्हणालो, “पण मास्तर, अर्थ तर समजतो. ज्याची त्याची लिहिण्याची पद्धत असते.”

“पद्धत तुझी खरी,” मास्तर शांतपणे म्हणाले, “पण वाचणारा दुसरा असतो ना? ‘नीड नॉट’ लिहायला तुला किती शब्द जास्त लागले असते?”

एकही नाही. तेही दोन शब्द आणि हेही दोन शब्द. तारेच्या काटकसरीची सबबदेखील मला उरली नाही. मी खाली बसलो तेव्हा पाय कापत होते, आणि ते वर्गाच्या हसण्याने नव्हे.

त्या रात्री जेवण गेले नाही. घरी सांगावे असे दहादा मनात आले. परंतु घरातील हुशार मुलगा म्हणून ज्याला तार करावयास धाडले, त्याने आपल्या तोंडाने काय सांगावे? दादास एक कार्ड टाकले असते तरी पुरे होते. तेही मी टाकले नाही. तारेतील चूक अज्ञानाने झाली होती. त्यापुढचे पाच महिने मात्र अज्ञानाचे नव्हते.

वैशाखात ताईचे लग्न झाले. बहिणीसाठी दादा आला, पण पाहुण्यासारखा. वऱ्हाड निघून गेले त्याच संध्याकाळी त्याने पिशवी भरली. अण्णा म्हणाले, “दोन दिवस राहा की.” दादाने खिशातील पाकिटातून चार घड्यांचा एक कागद काढून त्यांच्यापुढे ठेविला. “येऊ नये असं तुम्हीच कळवलं होतं. ताईचं कार्य म्हणून आलो.”

अण्णांनी चष्मा लावून कागद न्याहाळला. अक्षरे इंग्रजी होती. त्यांनी तो माझ्या हाती दिला. “वाच, आणि मराठीत सांग.”

पुढे आयुष्यात मी पुष्कळ भाषांतरे केली. इतके अवघड एकही नव्हते. मी म्हणालो, “वडील आजारी होते. आता बरे आहेत. तू येता कामा नये.”

“मी असं सांगितलं होतं?”

“नाही. यायलाच पाहिजे असं नाही, असं तुम्ही म्हणाला होता. मी चुकीचं लिहिलं. आणि ते मला मार्गशीर्षापासून ठाऊक आहे.”

कोणी काही बोलले नाही. दादा उठून मागल्या दारी गेला. आडावर बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आला तेव्हा त्याचे तोंड ओले होते. त्याने पिशवी उचलली आणि पुन्हा खुंटीला अडकविली.

रात्री अंथरुणे पडल्यावर अण्णा अंधारातच मला म्हणाले, “उर्दूतही असंच आहे. ‘आना नहीं चाहिए’ म्हटलं की मनाईच होते. ‘पाहिजे’जवळ ‘नाही’ ठेवायचं ते जपून ठेवावं.” याहून अधिक ते मला या बाबतीत कधीही बोलले नाहीत.

शिक्षक झाल्यावर अण्णांच्या त्या वाक्याचा मी पुष्कळ पाठपुरावा केला. तेव्हा ध्यानी आले, की अशा प्रत्येक वाक्यात नकारास बसावयास दोन पाट मांडलेले असतात. एक सक्तीच्या शेजारी, दुसरा कृतीच्या शेजारी. नकार सक्तीच्या पाटावर बसला, तर सक्ती उठते : येण्याची सक्ती नाही. कृतीच्या पाटावर बसला, तर सक्ती कायम राहते आणि कृतीच उलटते : न येण्याची सक्ती आहे. रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांचे तीन सहकारी यांचे इंग्रजीचे बृहद्‌व्याकरण १९८५ साली प्रसिद्ध झाले. त्यात या दोन नकारांस, साहाय्यक क्रियापदाचा नकार आणि मुख्य क्रियापदाचा नकार, अशी निरनिराळी नावेच दिली आहेत. ‘नीड नॉट’ पहिल्या पाटावर, ‘मस्ट नॉट’ दुसऱ्या. ‘मे नॉट’ तर दोन्ही पाटांवर बसतो. ‘यू मे नॉट गो’ असे वडीलधाऱ्याने म्हटले, तर जाण्याची परवानगी नाही. ‘ही मे नॉट गो’ असे कोणाविषयी म्हटले, तर तो कदाचित जाणार नाही.

यात तर्कशास्त्राचा काही अटळ निर्णय आहे, असे मात्र नाही. इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन. तिच्यात ‘मस्ट’चा भाऊ ‘मुस’. त्यास ‘निश्ट’ हा नकार जोडला, की ‘यायलाच पाहिजे असे नाही’ असा अगदी अण्णांच्या मनातला अर्थ होतो. माझी तार जर्मन भाषेत असती, तर दादा कदाचित पुढच्याच गाडीने आला असता! उलट हिंदी-उर्दूतील ‘चाहिए’ आपल्या ‘पाहिजे’चे काम करते, परंतु त्याजवळ ‘नहीं’ आले, की मनाईच होते. प्रत्येक भाषेच्या समाजाने पाटांची मांडणी आपापल्या परीने ठरविली आहे. ती तशीच का, याला उत्तर असेलच असे नाही. पण एकदा ठरल्यावर एकट्यादुकट्यास ती पंक्तीत बसून बदलता येत नाही. त्या पंधरा वर्षांच्या मुलाने एकट्याने ती बदलावयाचे धाडस केले, आणि त्यास तो शैली म्हणाला.

मराठीने या कामी किती काळजी घेतली आहे, हेही मला तेव्हाच दिसले. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण सिद्ध केले, मोरो केशव दामले यांनी १९११ साली ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध केले. परंतु अण्णांनी दोहोंपैकी एकही न वाचता ‘यायलाच पाहिजे’ आणि ‘नाही’ यांच्यामध्ये ‘असं’ हा शब्द घातला होता. तो ‘असं’ म्हणजे नकार येण्यावर जाऊन पडू नये म्हणून घातलेला बांध आहे. इंग्रजी करताना मला त्याची जागा सापडली नाही, म्हणून मी तो गाळला. आणि बांध फुटला. आपल्याकडेही निसरड्या जागा आहेतच. ‘तुला यायला नको’ याचा अर्थ ‘त्रास घेऊ नकोस’ असाही होतो आणि ‘तू येणे बरे नव्हे’ असाही होतो. बोलताना सूर तो निवाडा करतो. कागदावर सूर नसतो, म्हणून तेथे नियमास सुराचे काम करावे लागते.

ज्या लेखनास सूर असूच शकत नाही, ते म्हणजे कायदा. आपले संविधान २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकृत झाले. त्याच्या चौदाव्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानता कोणास नाकारण्याची राज्यास मनाई आहे. ती इंग्रजी पाठात ‘शॅल नॉट’ या दोन शब्दांनी केली आहे. त्या जागी ‘नीड नॉट’ असते, तर समानता देणे न देणे सरकारच्या मर्जीवर राहिले असते. ‘मे नॉट’ असते, तर वकिलांस वाद घालावयास वाव मिळाला असता. एका लहानशा शब्दाच्या आधारावर कोट्यवधी माणसे निर्धास्त झोपतात, आणि ती झोप मसुदा करणाऱ्याच्या शैलीवर नव्हे, सर्वांनी मान्य केलेल्या नियमावर उभी आहे.

मग शैलीस जागाच नाही काय? आहे, आणि पुष्कळ आहे. एकदा नकार योग्य पाटावर बसला, की त्यास कोणते वस्त्र नेसवावयाचे ते लिहिणाऱ्याने ठरवावे. ‘नीड नॉट’ म्हणा किंवा ‘डू नॉट हॅव टू’ म्हणा. पहिल्यात थोडा भारदस्तपणा आहे, दुसऱ्यात घरगुती मोकळेपणा. ‘शुड नॉट’ म्हणा वा ‘ऑट नॉट टू’ म्हणा. ‘शॅन्ट’ हे रूप आता इंग्लंडातही मागे पडत चालले आहे, अमेरिकेत तर क्वचितच कानी येते. तरी कोणास ते आवडत असेल, तर त्याने खुशाल वापरावे. या सर्वांत अर्थास धक्का पोहोचत नाही, म्हणून येथे व्याकरणाने दाराबाहेर थांबावे. पस्तीस वर्षे मी मुलांना असे सांगत आलो, आणि हा निवाडा पक्का झाला, अशी माझी समजूत होती.

२०२३ साली दादाचे सहस्रचंद्रदर्शन व्हावयाचे होते. सेवानिवृत्तीनंतर तो आणि वहिनी गावीच राहावयास आले होते. त्याची नात अमेरिकेत जन्मली आणि वाढली. ती मराठी बोलते, सावकाश वाचतेही. लिहिते मात्र इंग्रजीत. समारंभाचा दिवस मी तिला मोबाइलवर कळविला. उत्तर आले : ‘आय कान्ट नॉट कम.’

माझ्यातील मास्तर जागा झाला. एका वाक्यात दोन नकार! मी तत्काळ लिहिले, की बाळ, दोन नकार जवळ आले म्हणजे एकमेकांस खातात. ‘कान्ट कम’ एवढेच लिहावे. तिला येणे जमत नाही, असेच मी धरून चाललो होतो. मग जड मनाने दादाला तो निरोप वाचून दाखविला.

दादाने मोबाइल हाती घेतला, चष्मा वर सारला आणि वाक्य दोनदा वाचले. मग तो हसू लागला.

“अरे, न येणं आपल्याला जमायचंच नाही, असं म्हणते आहे ती. आल्यावाचून राहवणार नाही म्हणते. आणि तू तिला काय लिहिलंस? पुन्हा तार केलीस का रे?”

मी वाक्य पुन्हा वाचले. पोरीने दोन्ही पाटांवर एकेक नकार बसविला होता, आणि दोन्ही नेमक्या जागी. शक्यतेस नकार, न येण्यास नकार. नियम कोठेही मोडला नव्हता. मी शिकविला त्याहून तो अधिक पुरतेपणी वापरला होता. तिची शैली नियमाच्या आत राहून मला अनोळखी होती, एवढेच. तांबड्या रेघेची सवय जडलेल्या डोळ्यांस ते दिसले नाही. दादाला दिसले, कारण तो नातीची वाट पाहत होता. आणि एक कागद चार घड्या घालून नऊ महिने पाकिटात जपल्यानंतर असले वाक्य दोनदा वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवावयाचा नाही, हे तो शिकला होता. मी ते त्याच्याकडून अद्याप शिकावयाचे होते.

तारखात्याची सेवा आपल्या देशात जुलै २०१३ मध्येच संपली. आता शब्दागणिक पैसे पडत नाहीत. मनात येईल तितके लांब लिहावे. दादा समोरच्या खुर्चीवरून माझ्या बोटांकडे पाहत होता. मी तिला लगोलग दुसरा निरोप पाठविला. तो तिला सहज वाचता यावा इतक्या सोप्या मराठीत होता. त्यात एकच अक्षर होते, आणि नकारास टेकावयास त्यात कोठेही जागा नव्हती :

‘ये.’